डब्यातले वस्तरे

४ जून

चिमे,

अक्षर लागलं तर वाच. डाव्या हाताने लिहितोय. उजवा खांद्यापासून नुसता लोंबतोय. डॉक्टर म्हणतात, थंडीपर्यंत येईल. नाही आला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फोन करू नकोस. जीभ अजून जड आहे. माझं बोलणं ऐकून तू रडशील आणि ते मला इतक्या लांबून झेपणार नाही. तुझा भाचा आणि सूनबाई नीट करतात, काळजी नको.

आता कामाचं. झटका आला आणि मला उचलून गाडीत घातलं, तेव्हा दुकान जसं होतं तसंच राहिलं. चार वस्तरे खणात आहेत आणि काळ्या बहुतेक बेसिनपाशी ओलाच पडला असेल. त्याची मूठ इतक्या वर्षांत माझ्या बोटांनी झिजलीय, त्याला आधी उचल. उरलेले तुला ठाऊक आहेत : म्हातारा, दोघे जुळे, आणि तो मधाच्या रंगाच्या मुठीचा जावई, ज्याला मी फक्त बड्या गिऱ्हाइकांसाठी काढतो.

प्रत्येकाला कोमट पाण्याने धू. पुसून कोरडा कर. कोरडा म्हणजे तुझ्या मते कोरडा नव्हे, माझ्या मते कोरडा. मुठीच्या फटीत, खिळ्यापाशी पाणी दडून बसतं, तिथे कापडाची वात घाल. मग एक दिवस उघडे पसरून ठेव. मग पट्ट्यावर फिरव, हलक्या हाताने, पाठ पुढे आणि धार मागे. उलटं केलंस तर चामडं कापशील आणि मला नवा पट्टा कोणी देणार नाही. शेवटी तेल. स्वयंपाकाचं तेल लावलंस तर याद राख, ते सुकून गोंद होतं. तुझ्या शिवणाच्या मशीनचं लाव. पात्याला बोट लागू देऊ नकोस, घामाचा ठसा राहिला तर गंज बरोबर त्या ठशावर चढतो. चामड्याच्या म्यानात घालू नकोस, चामडं ओल धरतं.

मग सगळे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घाल, झाकण घट्ट लाव, कडेने चिकटपट्टी मार. हवा आत जाता कामा नये. वापरला नाही तरी वस्तरा बोथट होतो, लोकांना वाटतं तसं नाही. दमट हवा धार खाते.

थंडीत मी येणार आहे आणि खुर्चीमागे उभा राहणार आहे. पहिली दाढी काळ्याने करायची आहे. एवढं माझं सांभाळ.

दादा


१५ जून

दादा,

अक्षर लागलं. डाव्या हातानेसुद्धा तू हुकूमच सोडतोस हे बघून जिवात जीव आला.

सांगितलंस तसं सगळं केलं. काळ्या बेसिनपाशीच होता, साबण वाळून त्याच्या अंगावर पापुद्रा धरलेला. तुझ्या मते कोरडा म्हणजे काय ते मला माहीत नसेल तर कोणाला? लहानपणी बाबांनी तुझ्या हातात वस्तरा दिला आणि माझ्या हातात झाडू, पण झाडणारीचे डोळे काही खाली नसतात. पट्टा कापला नाही. पहिल्यांदा फिरवताना श्वास रोखून धरला होता, एवढं खरं.

दुकानाची काच पुसली, खुर्चीवर चादर टाकली. माझी मशीन मागच्या खोलीतच आहे, पण पडद्यापलीकडून तुझी कटकट ऐकू येत नाही तर शिवण सरळ येईना. मला करमत नाही, दादा. कोणाला सांगू नकोस.

घरमालक आला होता. म्हणाला, वर्षअखेरीपर्यंत थांबतो, नंतर बंद गाळा ठेवून काय करू. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण त्याच्या मागे लागलाय. मी ठासून सांगितलं, आमचा दादा थंडीत येतोय आणि दुकान उघडतोय. आता माझी जीभ खोटी पाडू नकोस.

समोरचा घड्याळवाला तुला रोज विचारतो. दाढी वाढलीय त्याची. दुसरीकडे गेला होता, गाल सोलून घेऊन आला.

चिमी


२७ जून

चिमे,

ठीक. डबा कोरड्या जागी ठेव, बेसिनजवळ नको. मी सांगेपर्यंत उघडू नकोस. उघडून बघायची तुझी खोड मला माहीत आहे. तू लहानपणी पेरलेलं बी उकरून बघायचीस, उगवलं का म्हणून.

इथे व्यायामाची बाई येते. हातात रबरी चेंडू देते आणि दाबा म्हणते. मी दाबतो. चेंडूला काही कळत नाही.

दादा


२ सप्टेंबर

दादा,

रागावशील, पण पत्र पूर्ण वाच.

मी डबा उघडला. उकरायला म्हणून नाही. त्या फळीवर मी गुंड्यांचं खोकं ठेवते, ते काढायला गेले आणि डब्याभोवती वास आला. चिकटपट्टी मारलेली असूनही. मनात म्हटलं, रागावला तर रागावला.

गंज आहे. सगळ्यांना सारखा नाही. जावई मध्ये होता, त्याच्या दोन्ही बाजूंना जुळे होते. त्या दोघांच्या पात्यावर तांबडे ठिपके आलेत, अगदी धारेपर्यंत. म्हाताऱ्याच्या टोकाला थोडा. काळ्या मी वेगळ्या फडक्यात गुंडाळून कडेला ठेवला होता, तो वाचला. जावयाचं पातं तर बघवत नाही.

तेल लावलं होतं, शपथेवर सांगते. बोट लावलं नव्हतं. काय चुकलं कळत नाही. आता काय करू ते लगेच लिही.

चिमी


११ सप्टेंबर

चिमे,

काय चुकलं म्हणजे? ओला ठेवलास, दुसरं काय. म्हाताऱ्याला बाबांच्या हातात मी पाहिलाय. तो इतकी वर्षं गंजला नाही आणि तुझ्याकडे एका पावसाळ्यात गंजला. शिवणकाम वेगळं आणि हे वेगळं. घाईघाईत पुसले असशील, लक्ष असेल मशीनवर.

चिडून काही उपयोग नाही, पण चिडलोय. रात्री सूनबाईने विचारलं, बाबा, जेवत का नाही. तिला काय सांगू, जावयाला गंज चढला म्हणून?

वास कसला होता ते लिही. ठिपके कुठल्या बाजूला आहेत तेही.

दादा


२० सप्टेंबर

दादा,

मशीनवर लक्ष होतं म्हणे. तुझ्या वस्तऱ्यांपायी दोन दिवस मशीनला हात लावला नव्हता, तरी तूच असं लिहावंस? मी ते पत्र फाडणार होते. पण तू काय विचारलंस ते त्यातच होतं.

वास कापरासारखा, आणि त्याच्या मागे आंबल्यासारखा काहीतरी. नाकात जाऊन बसतो. ठिपके जुळ्यांच्या त्या अंगाला आहेत ज्या अंगाला जावई होता, दुसऱ्या अंगाला जवळजवळ नाहीत. घड्याळवाल्याने त्याचं भिंग डोळ्याला लावून बघितलं आणि तेच सांगितलं. जावयाची मूठ चिकट लागतेय, तिला बारीक चिरा गेल्यात आणि घाम यावा तसं काहीतरी पाझरतंय. ओल म्हणावी तर काळ्याच्या फडक्याला ओल नाही.

आता तूच सांग, मी ओला ठेवला असता तर गंजाने बाजू निवडली असती का?

चिमी


२९ सप्टेंबर

चिमे,

तू बरोबर आहेस. मी चुकलो.

जावयाची मूठ शिंगाची नाही, ती कापरापासून बनवलेल्या एका जुन्या चकचकीत पदार्थाची आहे. असल्या मुठी म्हाताऱ्या झाल्या की सडतात. खणात होता तोवर हवा खेळायची, वास उडून जायचा. आपण त्याला डब्यात कोंडला आणि त्याने आतल्या आत सगळ्यांवर श्वास सोडला. डबा घट्ट लाव, हवा जाऊ देऊ नकोस, हे मी लिहिलं होतं. तू माझं ऐकलंस म्हणून ते गंजले. एरवी कधी ऐकत नाहीस, नेमकं तेव्हाच ऐकलंस.

जावयाला घराबाहेर काढ. वस्तऱ्याबद्दल बोलतोय. तो गेला, त्याच्यासाठी रडू नकोस, तसाही काम कमी आणि मिरवणं जास्त होतं.

बाकीच्यांना वाचवायचं तर आताच, गंज थांबून राहत नाही. पात्यावरचा गंज बारीक राखेने आणि तेलाने निघेल, हळू घास. धारेवरचा तसा निघणार नाही, तिथे खड्डा पडतो आणि तेवढं पोलाद दगडावर खाली आणावं लागतं. दगड मधल्या खणात आहे, फडक्यात. पाणी घाल. पातं पूर्ण आडवं टेकव, पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागली पाहिजेत. दगडावर धार पुढे जाते, पट्ट्यावर मागे. हे उलटंसुलटं करू नकोस. वजन टाकू नकोस. आवाज ऐक. खरखर कमी होऊन आवाज गुळगुळीत झाला की समज, जमत आलं. पलटताना पाठीवरून पलटायचं.

कोणाकडून तरी डोक्याचा एक केस माग आणि धारेवर धर. स्पर्शाने तुटला तर ठीक. मी हे बाबांकडून शिकायला फार मार खाल्ला. तुला पत्रातून सांगतोय. जमणार नाही असं वाटतं, पण दुसरा इलाज नाही.

दादा


२५ ऑक्टोबर

दादा,

जमलं.

पहिल्या जुळ्याची मी वाट लावली होती, टोकाकडे धार गोल झाली. घड्याळवाला म्हणाला, तू दाबतेस. मी म्हटलं, तू घड्याळं बघ. मग कळलं की दाबतच होते. दुसऱ्याच्या वेळी हात सैल सोडला आणि आवाज बदलला, तू लिहिलंस तसा. मग पहिल्याला पुन्हा घेतला. म्हातारा आधीच झिजून काडीसारखा झालाय, त्याला जपून घेतला.

आता डब्यात नाहीत. फडक्यात वेगवेगळे गुंडाळून उघड्या फळीवर आहेत. दर थोड्या दिवसांनी काढते, पुसते, पट्ट्यावर फिरवते, पुन्हा तेल. कोंडून ठेवून राखले जात नाहीत हे आता आपल्या दोघांनाही कळलं.

एक विचारायचं होतं. केस तुटतो, गालावर म्हातारा लोण्यासारखा जातो, पण हनुवटीखाली वळणावर अडखळतो. धारेत काही राहिलंय का? की हाताचं काही आहे? आणि तुझ्या हाताचं लिही. थंडी जवळ आली.

चिमी


२ नोव्हेंबर

चिमे,

फळीवर ठेवलेल्या वस्तऱ्याला हनुवटी कुठे भेटली?

दादा


१० नोव्हेंबर

दादा,

घड्याळवाल्याची.

आता विचारलंस तर सगळं लिहिते. धार लागली की नाही हे केसावर कळतं, पण दाढीला चालेल की नाही ते केसावर कळत नाही, हे तुलाही माहीत आहे. घड्याळवाला स्वतःच म्हणाला, माझ्यावर बघ. मी नको म्हटलं. तो खुर्चीवरची चादर काढून बसला. फेस लावला, गाल ताणला आणि पातं टेकवलं. हनुवटीखाली थोडं कापलं. तुरटी लावली. तो आरशात बघून म्हणाला, त्या दुसऱ्या दुकानापेक्षा बरी आहे. तो कधी कशाला बरं म्हणत नाही.

मग तो पुन्हा आला. मग त्याचा मेहुणा. मग कोपऱ्यावरचा किल्ल्या बनवणारा, जो आधी 'बाईच्या हातात मान द्यायची का' म्हणून नाक मुरडत होता. तो आता सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसतो. सकाळी दुकान उघडते, दुपारी मशीनवर बसते. पाटी तुझीच आहे.

तुला आधी सांगितलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास आणि मला ते ऐकायचं नव्हतं. मला हे काम आवडतं, दादा. इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. तू आलास की मी बाजूला होईन.

चिमी


१४ नोव्हेंबर

तुला वस्तरे राखायला दिले होते, वापरायला नाही. बाबांचा म्हातारा तू कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याच्या मानेवर चालवतेस आणि मला धारेबद्दल विचारतेस. दुकान बंद कर. सगळे पुसून गुंडाळ. मी येईपर्यंत एकालाही हात लावायचा नाही.

दादा


२३ नोव्हेंबर

दादा,

बंद करणार नाही. घरमालक बघून गेला, दुकान उघडं दिसलं म्हणून मोबाइलवाल्याला नाही म्हणून आलाय. बंद केलं तर तू कुठल्या खुर्चीमागे उभा राहणार? माझ्यावर ओरडायचं तर इथे येऊन ओरड. रोज कानावर पडलं तर मला बरंच वाटेल.

काळ्याला मी हात लावलेला नाही. तेवढं तुझं म्हणून ठेवलंय.

चिमी


२० डिसेंबर

चिमे,

बरेच दिवस लिहिलं नाही. तब्येत ठीक आहे. हनुवटीखाली अडखळतो ते धारेमुळे नाही. गिऱ्हाइकाची मान मागे घे, आणि कातडी खालच्या अंगाला ताण, वर नको. तिथे केस आडवे उगवतात, म्हणून आधी बोटाने दिशा बघून घे.

एक काम कर. काळ्या मला पाठवून दे. नीट बांध.

दादा


२८ डिसेंबर

दादा,

अरे, अक्षर! पाकीट हातात घेतलं आणि वाटलं दुसऱ्याच कोणाचं पत्र आलं. ओळी सरळ, काना वेलांटी जागच्या जागी. हात आला ना तुझा? मला एका शब्दाने सांगितलं नाहीस, लबाडा. भाच्याला फोन करून विचारलं तर 'आत्या, बाबा मजेत' एवढंच बोलतो. त्याला जन्मापासून चार शब्द पुरतात.

मी पत्र घेऊन समोर पळत गेले. घड्याळवाल्याच्या डोळ्याला भिंग तसंच, त्याने भिंगातूनच वाचलं आणि म्हणाला, हा हात येणार म्हणत होतो मी. म्हणत नव्हता.

काळ्या सोबत पाठवतेय. तेल पुसून, पट्ट्यावर फिरवून, पुन्हा तेल लावून, पुठ्ठ्यात बांधलाय. पोस्टात विचारलं आत काय आहे, तर मी सांगितलं, शिवणकामाचं सामान. हात बसवायला मागितलास ना? बसव. मी इकडे बाकीच्या तिघांना घासूनपुसून तयार ठेवते. तू आलास की सकाळीही मशीनवर बसेन. खरं सांगू, थोडं वाईट वाटतंय. पण तुझा हात आला याचा आनंद त्याहून पुष्कळ मोठा आहे. किल्लीवाल्याला मात्र तूच समजाव.

कधी येतोस ते लिही.

चिमी


२२ फेब्रुवारी

चिमे,

ह्या पत्राबरोबर काळ्या परत पाठवतोय.

ते अक्षर डाव्या हाताचं होतं, हेही त्याचंच आहे. उजवा आला नाही. डॉक्टर आता येईलसुद्धा म्हणत नाहीत. इतके महिने लिहून लिहून डावा शिकला. तू समजलीस ते मी खोडायला हवं होतं. खोडलं नाही, कारण तुझं पत्र वाचून मला फार बरं वाटलं आणि ते दोनचार दिवस तरी राहावं असं वाटलं. मग पुढे लिहायचं राहूनच गेलं.

काळ्या मागितला तो यासाठी की जो हात लिहायला शिकला तो दाढीलाही शिकेल, असं डोक्यात घेतलं. नवा कारागीर फुग्यावर शिकतो तसं केलं. फुगा खुर्चीला बांधायचा, फेस लावायचा, तो पात्याने काढून घ्यायचा. फुटतच गेले. भिंतीवर फेस, सूनबाईच्या साडीवर फेस. ती बिचारी पुसायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच फुगे आणून ठेवायची. आणि मग एक दिवस फुटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मूठ उजव्या बोटांनी झिजलेली, तरी डाव्यानेही धरता आली. मी तुला तेव्हाच लिहायला बसलो होतो.

मग तुझा भाचा म्हणाला, बाबा, माझी करा. बसला. मी फेस लावला, पातं टेकवलं आणि तिथेच थांबलो. फुगा ताणलेलाच असतो. माणसाचा गाल ताणावा लागतो, आणि त्याला दुसरा हात लागतो. मी आयुष्यभर गाल ताणले आणि ही गोष्ट फुगे फोडताना एकदाही डोक्यात आली नाही. तो म्हणाला, मी स्वतः ताणतो. त्याने ताणला, मान हलली, आणि जबड्यापाशी चांगलंच कापलं. तो हसत होता. मला हसू आलं नाही. माझ्या हातून आजवर कोणाचं असं रक्त निघालं नव्हतं, आणि निघालं ते पोराचं.

तेव्हा आता मी काही खुर्चीमागे उभा राहत नाही. दुकान तू चालव. पाटी बदलायची तर बदल. त्या नोव्हेंबरच्या पत्रात मी जे लिहिलं ते मत्सराने लिहिलं, दुसरं काही कारण नव्हतं. घड्याळवाला बरी म्हणाला म्हणजे चांगलीच असणार.

तिघे तुझे. काळ्या मात्र वापरू नकोस. कोरडा कर, तेल लाव, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेव, आणि हवा बदलली की काढून पुसत जा. कधी उघडायचा आहे म्हणून नाही. नुसता ठेवायचा आहे. पण गंजलेला नको. धार असलेला ठेव.

दादा


३ मार्च

दादा,

पत्र वाचून मी दुकान लावून घेतलं आणि खूप रडले. किल्लीवाला बाहेर कडी वाजवत राहिला, त्याला वाटलं मला बरं नाही. मग तोंड धुतलं आणि घड्याळवाल्याकडे जाऊन पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. भिंग काढून ठेवलं. मग विचारलं, "गाल ताणायला एक हातच लागतो ना? की तो त्याचाच लागतो?"

मी तशीच दुकानात आले आणि तुझं पार्सल फोडलं.

काळ्याला तेल लावलेलं नाही. आला तसा पुसला, दगडावर घेतला, पट्ट्यावर फिरवला आणि उघडाच ठेवलाय. तो मी ठेवणीत टाकणार नाही, त्याबद्दल काय ओरडायचं ते ओरड. पातं तू चालवायचंस. गाल मी ताणणार. कुठे, किती, कुठल्या अंगाला, ते तुझ्याच पत्रातून शिकलेय. आठवड्याला एक दाढी, फक्त घड्याळवाल्याची. बाकीच्या मी करीन आणि तू खुर्चीत बसून माझ्या चुका काढशील. घड्याळवाला म्हणाला, कापलं तर कापलं, तुरटी आहेच.

भाच्याला तिकीट काढायला सांगितलंय. "बरं आत्या" म्हणाला, म्हणजे काढणार. तू येईपर्यंत घड्याळवाल्याने दाढी वाढवायला घेतलीय. मला हात लावू देत नाही. त्याला ती अजिबात शोभत नाही आणि दिवसभर खाजवत बसतो, तेव्हा लवकर ये.

चिमी